नसलेला तास

मार्चच्या शेवटच्या सोमवारी
ऐला कोट न काढताच खुर्चीत बसली.
एक हजार दोनशे अकरा चाचण्या हिरव्या.
एक लाल.

"ती दरवर्षी पडते," योना म्हणाला, कॉफी ओतत,
"परत चालव. होते पास."

परत चालवली. झाली पास.

इथं खिडकीबाहेर समुद्र आहे, पण पांढरा,
आणि त्याच्यावर फांद्या रोवून आखलेला रस्ता
बेटापर्यंत, आठ किलोमीटर.
त्यावरून टपाल जातं, शाळेची गाडी जाते,
हेल्मीबाईंचा लंगडा कुत्रा डॉक्टरकडे जातो.
बर्फ किती जाड, हे आमचा प्रोग्रॅम सांगतो.
प्रोग्रॅम खरं बोलतो का, हे चाचण्या सांगतात.
चाचण्या खरं बोलतात का,
हा मुद्दा बैठकीत वेळ उरला तर घ्यायचा, असं ठरलं होतं.
नऊ वर्षं वेळ उरला नाही.

हिरवं मिळालं होतं. ऐला तरी उठली नाही.
तिने तळघरात उतरावं तसा जुना कोड उघडला.

एक चाचणी अजून विचारत होती, मोडेमची घंटी वाजते का?
मोडेम केव्हाच भंगारात गेला;
कुणीतरी एक खोटा मोडेम लिहून ठेवलेला,
केवळ हिला घंटी ऐकू यावी म्हणून.
एकीच्या नावात वीस सेंटिमीटर आणि पोटात तीस.
एक 'तात्पुरती बंद',
तेव्हा योना सायकल शिकत असेल.
आणि एक, जिच्यातली तपासायची ओळच कुणी पुसलेली.
ती कधीच पडली नव्हती.
मेलेल्या माणसाला ताप येत नाही, तशी.

सगळ्यात खाली ती, लाल होऊन हिरवी झालेली.
माथ्यावर तैस्तोचं नाव.
आखूड ओळी, त्याच्या बोलण्यासारख्या:
आजची तारीख घे.
गेल्या रात्रीचे गोठते तास मोज.
तितकाच बर्फ वाढू दे, जास्त नको.

आजची तारीख!
हे वाचून ऐलाने कपाळाला हात लावला.
चाचणीत 'आज' कोण लिहितं? आज रोज बदलतो.
मग तिचा हात तिथेच राहिला.

रविवारी पहाटे तीन वाजता इथली घड्याळं
एकदम चारवर उडी मारतात.
तीन ते चार हा तास त्या रात्री नसतो,
ना झोपेत, ना बोटीत, ना कुणाच्या मरणाच्या दाखल्यावर.
आमच्या हिशोबात मात्र तो असायचा,
आणि हिशोबात तो नसलेला तास
समुद्र गोठवायचा.

किती? अर्धा मिलिमीटर.
त्याने कुणी बुडत नाही.
ऐलाने हे स्वतःला दोनदा सांगितलं.

तैस्तोला फोन लावला. तो बर्फाला भोक पाडून
मासे धरत बसला होता, वारा ऐकू येत होता.
"ती पडते, माहीत होतं तुम्हाला?"
"हो."
"मग सांगितलं का नाही?"
बराच वेळ वारा.
"ती सांगत होती की. दरवर्षी.
मला वाटलं, कुणीतरी विचारेल."

संध्याकाळपर्यंत ऐलाने घड्याळाचा हिशोब नीट केला,
चाचणीला एक ठरलेली रात्र दिली,
नाव बदलून ठेवलं: 'नसलेल्या तासात बर्फ वाढत नाही'.
मोडेमला निरोप दिला, खोट्यालाही.
पुसलेली ओळ परत लिहिली, आणि ती चाचणी
आयुष्यात पहिल्यांदा पडली.
तिच्यापाठोपाठ आणखी तीन.

मंगळवारी साहेबांनी विचारलं,
"आकडा कमी कसा झाला? आणि हे लाल काय?"
योना मान खाली घालून कॉफी ढवळत होता,
साखर न घातलेली.

गुरुवारी, दरवर्षीसारखा, रस्ता बंद झाला.
हेल्मीबाईंचा कुत्रा अलीकडेच राहिला, मेहुण्याकडे.
समुद्र आतून कुरकुरत होता.

तैस्तोची चाचणी आता हिरवी आहे.
पण आता ती कुठल्याही दिवशी पडू शकते.